फुकटचं पॉप्लर, महागाचा शनिवार

क्राइस्टचर्चच्या आसपास नॉरवेस्टर सुटला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ट्रेलर दिसू लागतात. कॅन्टरबरीच्या मैदानावरचा हा उष्ण, कोरडा वारा झाडं पाडतो आणि पडलेली लाकडं सुकवतोही. 10 सप्टेंबर 2013 च्या वादळात तर वारा अडवायला लावलेल्या पाइन आणि मॅक्रोकार्पाच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. असलं लाकूड हां हां म्हणता उचललं जातं. मागे पडून राहतात ते पॉप्लर आणि विलोचे ओंडके. शेतकरी म्हणतो, न्या हवे तेवढे, पैसे नकोत.

नव्याने आलेला मराठी माणूस हे ऐकून हरखतो. पण शेजारचे जुने लोक ते ओंडके का उचलत नाहीत, एवढं त्याने आधी विचारावं.

आपल्याकडे वखारीत लाकूड तोलून मिळतं, आणि वजनाला वजन धरलं तर कोणतंही सुकं लाकूड जवळपास सारखीच आच देतं. क्राइस्टचर्चमध्ये मात्र जळण क्यूबवर, म्हणजे सैल टाकलेल्या घनमीटरवर विकतात. हलक्या पॉप्लरचा क्यूब ब्लू गम निलगिरीच्या क्यूबच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. शेगडीत पॉप्लर भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर संपतं. रात्रभर धग धरणं त्याच्याच्याने होत नाही. शिवाय ताज्या ओंडक्याचं अर्धं वजन पाण्याचं. पाठ दुखते ती बऱ्याच अंशी पाणी वाहून.

हिशेबच मांडायचा तर तो असा. ट्रेलरभर ओलं पॉप्लर 500 किलो धरू. सुकल्यावर उरेल 300 किलोच्या आसपास. किलोमागे साधारण चार युनिट उष्णता. बंद शेगडीतून त्यातली अडीच-पावणेतीन खोलीत येतात. एवढी ऊब हीट पंप एका युनिटपेक्षा कमी विजेत देतो. म्हणजे अख्ख्या ट्रेलरने वाचली जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे युनिट वीज. युनिटला 30 सेंट धरले तर 75-80 डॉलर. या देशात किमान वेतनच ताशी 23 डॉलरच्या वर आहे. कापणं, भरणं, फोडणं, रचणं यात दोन माणसांचा अख्खा शनिवार जातो. चेनसॉचं पेट्रोल आणि ट्रेलरचं भाडं वेगळंच.

तरीही पॉप्लरला सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं आहे. फोडून, पावसाच्या आड पण वाऱ्याच्या वाटेत रचलं तर ते एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी सुकतं. ब्लू गमला दोन वर्षं लागू शकतात. मे महिन्यात संध्याकाळपुरती शेगडी पेटवायला ते उत्तम. आणि भूकंप पाहिलेल्या या शहरात वीज जाणं म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक आहे. 22 फेब्रुवारी 2011 नंतर अनेक वस्त्या कितीतरी दिवस अंधारात होत्या. तेव्हा हीट पंप नुसता भिंतीवरचा डबा होता.

विलोची तऱ्हा निराळी. नेपोलियनच्या सेंट हेलेनावरच्या कबरीजवळच्या विलोच्या फांद्या फ्रेंच वसाहतीबरोबर अकारोआला आल्या आणि तिथून एव्हन नदीकाठी पोचल्या, असं इथे सांगतात. खरंखोटं नेपोलियन जाणे. पण या झाडाची जिद्द खरी आहे: ओल्या जमिनीवर टाकून दिलेला ओंडका वाळायचं सोडून चक्क फुटवे धरतो. त्याला जमिनीपासून उचलून ठेवायला लाकडी फळकुटं लागतातच.

त्या फळकुटांबाबत एक ताकीद. कुंपणाची, बांधकामाची हिरवट झाक असलेली लाकडं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेली असतात. फुकट काय, कोणी वर पैसे दिले तरी ती शेगडीत घालू नयेत.

नियमांकडेही डोळेझाक चालत नाही. हिवाळ्यात थंड हवा शहरावर साचून राहते आणि धूर खालीच कोंडतो, म्हणून क्राइस्टचर्चमध्ये उघड्या शेकोटीच्या चुलाण्यांना बंदी आहे. बंद शेगडीतही 25 टक्क्यांहून कमी ओलाव्याचंच लाकूड चालतं.

तेव्हा ओंडके घराच्या वाटेवर असतील, कापून पडलेले असतील आणि परसात वर्षभर रचायला जागा असेल, तर पॉप्लर जरूर आणावं. यांतली एकही गोष्ट नसेल तर दोन क्यूब पाइन विकत घ्यावं. हार्डवेअरच्या दुकानात ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. ते ओंडक्याच्या सालीवर नव्हे, ताज्या फोडलेल्या मधल्या भागावर टोचावं. आकडा 25 च्या वर आला तर ते लाकूड पुढच्या हिवाळ्याचं.