कच्चा लिंबू

आमच्या लहानपणी शिवाशिवी असो की सूरपारंब्या, एखादं पोर 'कच्चा लिंबू' असायचंच. ते पळायचं, ओरडायचं, पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. वर्ष-दोन वर्षांत लिंबू पिकायचा. माझ्या पुतण्याचा पोरगा मात्र एकोणीस वर्षांचा झाला, मिसरूड फुटलं, तरी गल्लीत कच्चाच. बुद्धीनं गतिमंद. वैरण त्यानंच टाकावी, गोठ्यातली जनावरं त्याचा हात ओळखतात. खेळात मात्र त्याला धरायचं ते कीव करून.

तालुक्याच्या शाळेत सरांनी त्याला बोची शिकवली. १९६८ साली अमेरिकेत शिकागोला स्पेशल ऑलिंपिक सुरू झालं, त्यात आता हा खेळ आहे. आधी एक लहान चेंडू टाकायचा, मग मोठे चेंडू घरंगळत त्याच्याजवळ न्यायचे. ज्याचा सगळ्यात जवळ, त्याला गुण. आपल्या गोट्यांचा थोरला भाऊच म्हणा ना! यातल्या 'युनिफाईड' जोडीत एक खेळाडू गतिमंद आणि दुसरा तसा नसलेला. दोघांना सारखे, दोन-दोनच चेंडू. दुसरा म्हणजे सांभाळायला दिलेला माणूस नव्हे, हे सरांनी मला दोनदा समजावलं. एवढं काय त्यात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शाळेच्या मैदानावर सामना पाहायला गेलो. आमच्या पोराचा जोडीदार कॉलेजात शिकणारा. त्यांचा चेंडू जवळ होता, गुण त्यांचाच होता. आमच्या पोरानं शेवटचा चेंडू जोरात सोडला. तो लहान चेंडूला लागला आणि लहान चेंडू गेला थेट समोरच्यांच्या चेंडूंपाशी. गुण त्यांना. जोडीदारानं कपाळाला हात लावला, "आरं, हळू सोडायचा की! घालवलास ना गुण!"

आमच्या पोराला खेळात चुकला म्हणून कुणी रागावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते मान खाली घालून उभं. मग जोडीदारच जवळ गेला, दोघं खाली बसून जमिनीचा उतार बघत राहिले. पाणी पाजताना आपण सरीचा बघतो, तस्सा.

सामना हरले. दुसऱ्या दिवशी सूनबाई ओट्यावर आली.

"आण्णा, रात्री जेवला न्हाई. चेंडू चुकला, चेंडू चुकला, एवढंच चाललंय."

आणि हे सांगताना ती हसत होती.