रेनची तहान

रेनला जगायचं तर रक्त प्यावं लागतं. 'ब्लडरेन' या 2002 सालच्या व्हिडिओ गेमची ती नायिका, आणि गेमचा सगळा जीव या एका नियमात आहे. मार बसला की तिची आयुष्याची पट्टी घटत जाते. ती भरून काढायला शत्रूच्या अंगावर झेप घ्यायची, त्याच्या मानेत दात रोवायचे, आणि तेवढ्या वेळात बाकीचे शत्रू गोळ्या झाडतच असतात. म्हणजे जीव वाचवायचा तर तो आधी पणाला लावायचा. सोलापुरात नवी पेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे पोरं दाटीवाटीने उभी असायची. पट्टी संपत आली की 'पी, पी, लवकर पी!' असा एकच गिल्ला व्हायचा. माऊस एकाच्या हातात, पण तहान सगळ्यांच्या घशाला लागलेली.

उवे बोल या जर्मन दिग्दर्शकाने या गेमवर रोमानियात सिनेमा काढला. जानेवारी 2006मध्ये तो अमेरिकेत लागला. अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि चाळीस लाखही हाती आले नाहीत. गेममधला 1930च्या दशकाचा, नाझींचा काळ सोडून कथा अठराव्या शतकात नेली, याबद्दल माझी तक्रार नाही. सुरुवातीची एक जागा तर खरोखर चांगली आहे. सर्कशीत रेनचा तमाशा मांडतात. पाण्याने तिची कातडी भाजते, मग रक्त पाजून तिला बरी करून दाखवतात. तिची तहान हाच तिचा अपमान. एवढं हाताशी लागलेलं असताना सिनेमा ते तिथेच टाकून देतो आणि कुण्या प्राचीन राक्षसाचा डोळा, बरगडी आणि हृदय शोधत हिंडतो. पुढे रक्ताचे पाट वाहतात, पण तहान कुणालाच लागत नाही.

या सिनेमात बेन किंग्जलींना पाहून तर पोटात तुटलं. सोलापूरच्या माणसाला तो चेहरा परका नाही. गांधीजींना अटक झाली तेव्हा, मे 1930मध्ये, हे गाव पेटून उठलं, इथे मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा येरवड्यात फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून येता-जाता वाढलेल्या आम्हा लोकांना 1982च्या 'गांधी'मध्ये किंग्जलींच्या नुसत्या चालीतून गांधीजी भेटले होते, काठी टेकत भराभर पावलं टाकणारे. 'ब्लडरेन'मध्ये ते कॅगन झालेत, रेनचा बाप आणि रक्तपिपासूंचा राजा. बहुतेक वेळ सिनेमा त्यांना सिंहासनावर बसवून ठेवतो. ज्या नटाची चालही बोलते त्याला असं जखडायचं, हे मला सोसवत नाही.

गेमवरचे सिनेमे असेच व्हायचे, कारण हातातला खेळ डोळ्यांना कसा देणार, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे वेताळ आहे. विक्रमाने तोंड उघडलं की तो झाडावर परत जाणार, आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर राजाच्या डोक्याची शकलं होणार. दोन्हीकडून पेच! हा सरळसरळ खेळाचा नियम आहे. 1985मध्ये दूरदर्शनवर अरुण गोविल आणि सज्जन यांची 'विक्रम और बेताल' लागायची, तेव्हा अरुण गोविलने उत्तर द्यायच्या आत घरोघरी वाद सुरू व्हायचे: चूक कुणाची, राजाची की प्रधानाची? कुणाच्या हातात माऊस नव्हता, तरी प्रत्येकजण खेळत होता. नियम आधी नीट कळला आणि तो कुणासाठीच मोडला नाही, म्हणून तसं झालं. बोल यांनी रेनचा पोशाख घेतला, तिची हातांवरची पाती घेतली, पण जो नियम तिला दर क्षणी कोंडीत पकडतो तो घेतला नाही.

पुढे त्यांनी आणखी दोन भाग काढले. 2011च्या तिसऱ्या भागात तर नाझीही आले. तेही मी पाहिले, कारण रेनवर माझा लोभ आहे. सर्कशीतला तो प्रसंग एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाने पुन्हा हाती घ्यावा आणि तिथून पुढे फक्त तिच्या तहानेचा माग काढावा, असं मला अजून वाटतं.