ओपन, क्लोज आणि एक मिनिट

अकोला

चि. बाळू,

बायनरी ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीत एखादा भाव वर जाईल की खाली, एवढ्यावरच लावलेले पैसे. मुदत एका मिनिटाचीही असते. अंदाज बरोबर निघाला तर १०० रुपयांवर समजा ८० रुपये मिळतात. चुकला तर शंभरच्या शंभर जातात. भाव एका पैशाने हलला काय की पन्नास रुपयांनी, देणेघेणे तेवढेच. बडनेऱ्याच्या फलाटावर तू मोबाइलमध्ये दाखवलेस ते हेच: हिरवे बटण, लाल बटण आणि वर उलटे धावणारे सेकंद. त्या वेळचे तुझे “मामा, हा काही मटका नाही, ट्रेडिंग आहे” हे वाक्य चार दिवस झाले तरी कानातून जात नाही. म्हणून हे सविस्तर.

मटका कशातून निघाला हे निदान कापूस पिकवणाऱ्या मुलखाने विसरू नये. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजचे कापसाचे उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ही सोय बंद केली. कापूस गेला, आकडा राहिला. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून, म्हणजे मटक्यातून, निघू लागल्या. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. पानठेल्यावर हळू आवाजात विचारले जाणारे ‘ओपन काय आला, क्लोज काय आला’ हे शब्द मूळचे कापसाच्या भावाचे आहेत. मोबाइलवरच्या आलेखातल्या मेणबत्तीसारख्या प्रत्येक पट्टीलाही ओपन आणि क्लोज असतोच. दहिहांड्याचे आपले शेत कसे गेले, तो विषय घरात कुणी काढत नाही. पण ते शेतही ओपन-क्लोजनेच नेले.

वायद्याची, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवण्याची, गोष्ट वेगळी. जिनिंगवाल्याच्या आवारात सरकी निघालेल्या रुईच्या गाठी पडलेल्या असतात, दोन महिन्यांनी त्या विकायच्या असतात. तोवर भाव पडला तर काय, ही धास्ती तो वायदा करून दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. जुन्या बाजारात ठरल्या भावाने घेण्याच्या हक्काला ‘तेजी’ आणि विकण्याच्या हक्काला ‘मंदी’ म्हणत. मालावरच्या अशा ऑप्शनवर १९५२ च्या कायद्याने बंदी आली, ती २०१७ पर्यंत टिकली. खऱ्या ऑप्शनमध्ये घेणाऱ्याचा तोटा दिलेल्या रकमेपुरता असतो, आणि भाव जितका सरकेल तितका फायदा वाढतो. बायनरीत फायद्याला छत आहे, तोट्यात मात्र सगळेच जाते. तिथे कुणाच्या गाठी नाहीत, कुणाची धास्ती कमी होत नाही.

आता हिशेब, तो कागदावर मांडून पाहावा. शंभर-शंभर रुपयांचे १०० डाव लावले आणि निम्मे बरोबर आले, तर ५० डावांचे ४,००० रुपये आले, ५० डावांचे ५,००० गेले. दहा हजारांच्या उलाढालीत एक हजार, म्हणजे दहा टक्के, गेलेच. मटक्यात एकेरी आकड्याला दहात एक संधी आणि रुपयाला नऊ रुपये, म्हणजे तिथेही कटोती दहाच टक्के! फरक एवढाच की मटका दिवसातून दोनदा उघडायचा, हा मिनिटामिनिटाला उघडतो. नुसते बरोबरीत राहायला दर शंभरात ५६ वेळा बरोबर यावे लागते.

‘हरलो की दुप्पट लावायचे’ ही जी युक्ती व्हिडिओत शिकवतात, तीही तपासावी. १००, २००, ४०० हरून ७०० गेले आणि ८०० लावून जिंकले, तर मिळतात ६४०. जिंकूनही ६० रुपये कमीच. सलग सात वेळा चुकले तर १२,७०० रुपये संपतात. तुझे खोलीभाडे किती आणि मेसचे किती, हे इथे अकोल्यात मला पाठ आहे.

समोर कोण बसले आहे, हा त्याहून मोठा प्रश्न. शेअर बाजारात सौदा दुसऱ्या माणसाशी होतो आणि मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन हमीला उभे असते. बायनरीच्या बहुतेक अ‍ॅपवर गिऱ्हाईक हरले की अ‍ॅपचा फायदा, आणि शेवटच्या सेकंदाचा भावही अ‍ॅपच दाखवते. इस्राएलने २०१७ मध्ये हा धंदाच बंद करणारा कायदा केला. युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून आणि ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून सामान्य ग्राहकांना तो विकण्यास मनाई केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी परकीय चलनाच्या अनधिकृत प्लॅटफॉर्मची ३४ नावे जाहीर केली. त्यांत बिनोमो, ऑलिम्प ट्रेड, आयक्यू ऑप्शन आणि एक्स्पर्ट ऑप्शन आहेत. अशा ठिकाणी व्यवहार करणाऱ्यावर परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ तिथे चालत नाही. आणि सेबीच्या देखरेखीखालच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये तरी काय? २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असे सेबीनेच २०२४ मध्ये सांगितले.

पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय आयडी येतो, असे तुझ्या बोलण्यात आले. याचीच सर्वांत काळजी वाटते. ते खाते फसवणुकीच्या पैशाचे निघाले, तर पोलीस साखळीतली खाती गोठवू शकतात, आणि त्यात शिष्यवृत्तीचे खातेही अडकू शकते. तेव्हा आणखी एक रुपया भरू नये. अ‍ॅपच्या खात्यात असलेले १,८०० रुपये काढायला टाकावेत. ‘आधी कर भरा, मग पैसे सुटतील’ असा निरोप आला तर तो फसवणुकीचा समजावा, सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

ताईला यातले काही कळवलेले नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने माझे अमरावतीला येणे होईल, तोवर ते अ‍ॅप उघडू नये. पत्र मिळताच फोन करावा.

मामा