तालीम पायांची

गोल्फ हा आमच्या मोहल्ल्यातला खेळ नाही. आमच्याकडे क्रिकेट गल्लीत होते, कॅरम दुकानाच्या फळीवर रंगतो आणि गोल्फ टीव्हीचे चॅनल बदलताना दोन सेकंद दिसतो. तरी या खेळातले मला थोडेबहुत कळते, ते माझ्या मामूंमुळे. तरुणपणी ते पुण्यातल्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी होते. दुसऱ्याची जड पिशवी खांद्यावर घेऊन ते वर्षानुवर्षे चालले आणि चालता चालता त्यांनी हजारो फटके पाहिले. शाळा त्यांची सातवीत सुटली होती. पण समोरचा माणूस कसा उभा राहिला आहे एवढे पाहून चेंडू कुठवर जाणार ते सांगत, आणि सहसा चुकत नसत.

ते म्हणत, "काठी हातात असते बेटा, पण मारतात पाय."

लहानपणी मला हे कोडेच वाटायचे. पुढे मोबाइल आला, मोठ्या खेळाडूंचे फटके संथ गतीत पाहता आले, तेव्हा मामूंचे वाक्य उलगडले.

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा असतो. काठीचे टोक त्याला सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतेच टेकते. व्यावसायिक पुरुष खेळाडू लांबचा फटका मारतो तेव्हा त्या टोकाचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढा वेग नुसत्या मनगटातून आणि दंडातून येत नाही. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात. त्यांना जोर लावायला एक गोष्ट मात्र हवीच, ती म्हणजे पायाखाली न सरकणारी जमीन. आपण जमिनीला जितके रेटतो तितकीच ती आपल्याला उलट रेटते. न्यूटनने हा नियम 1687 साली ग्रंथात मांडला. मामूंना तो गवतावर चालून समजला.

उजव्या हाताने खेळणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. काठी मागे नेताना त्याचा भार उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर येतो. गंमत त्यापुढे आहे. काठी अजून मागेच जात असते, आणि भार डाव्या पायाकडे निघालेलाही असतो. गुडघे किंचित वाकतात, स्टुलावर बसता बसता थांबल्यासारखे. मग आधी कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी काठी. प्रत्येक जण आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो आणि स्वतः मंदावतो. चेंडूला काठी लागण्याच्या जरा आधी डावा पाय जमिनीला रेटत सरळ होतो. अमेरिकेच्या जस्टिन थॉमससारख्या खेळाडूच्या टाचा तर त्या वेळी चक्क उचललेल्या दिसतात, जणू उडीच मारतोय. काठी खाली येऊ लागल्यापासून चेंडूला लागेपर्यंत हे सगळे पाव सेकंदात आटोपते. म्हणून बघणाऱ्याला फक्त हात दिसतात.

या खेळातल्या दोन माणसांच्या गोष्टी मला नेहमी आठवतात. एक सॅम स्नीड. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला हा मुलगा, झाडाच्या फांदीची काठी करून खेळायला शिकला, आणि मोठेपणीही कधी कधी अनवाणी सराव करी. पीजीए टूरची 82 विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. दुसरा बेन होगन. 2 फेब्रुवारी 1949 रोजी टेक्सासमध्ये धुक्यात त्याच्या गाडीवर समोरून बस आदळली. बायकोला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर आडवा झाला. कंबरेचे हाड मोडले, घोटा मोडला. पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. 1950 च्या जूनमध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्याने अमेरिकन ओपन जिंकली. 1957 मध्ये त्याचे जे पुस्तक आले त्यातही त्याने हेच सांगितले, की काठी खाली आणण्याची सुरुवात हातांनी नाही, कंबर वळवून करायची. ज्याची कंबर मोडली होती, त्याने हे सांगावे!

आता हे सगळे उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला कशाला हवे, असे तुम्ही विचाराल. सांगते.

आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक नाहीत. मैदान म्हणाल तर इमारतीमागची तीस-चाळीस पावलांची मोकळी जागा. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने तालुक्याच्या गोळाफेकीत नाव दिले, आणि तिला तयार करायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी ती दोन्ही पाय जुळवून, अंग चोरून उभी राहिली आणि तीन किलोचा गोळा नुसत्या हाताने ढकलला. गोळा समोरच पडला आणि ती खांदा धरून बसली.

गोळा आणि गोल्फची काठी यांत साम्य काय, असे वाटेल. पण साखळी तीच आहे. मागच्या पायाने जमीन रेटायची, कंबर आधी वळवायची, पुढचा पाय खांबासारखा सरळ करायचा, हात सगळ्यांत शेवटी. मी तिला आधी बाकावर बसवले, पाय अधांतरी ठेवायला सांगितले आणि रबरी चेंडू फेकायला लावला. मग तोच चेंडू पाय रोवून फेकायला सांगितला. दोन्ही खुणांमधले अंतर तिने स्वतःच्या पावलांनी मोजले आणि म्हणाली, "मिस, हात तर तोच आहे!"

मात्र तिला पाय फाकवून उभे करायला मला चार दिवस लागले. अंगात बळ नव्हते असे नाही. लहानपणापासून आपण मुलींना पाय जवळ घे, अंग सावर, जागा कमी व्याप एवढेच सांगत आलो. ज्या उभे राहण्यातून जोर येतो, ते उभे राहणेच आपण त्यांना वर्ज्य करून ठेवले आहे.

भाषा शिकवणारीला इथे शब्द आठवणारच. जोर, जमीन, कंबर, कुस्ती, पहिलवान हे सगळे शब्द फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. ताकद आणि तालीम अरबीतून आले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जिथे मातीत घाम गाळतात ती जागा. वर्गात मी हा फरक दरवर्षी सांगते. त्या मोकळ्या जागेत मला वाटले, फरक कुठे आहे?

पाचव्या दिवशी तिची अम्मी आली. रागावलेली नव्हती, काळजीत होती. म्हणाली, "मिस, लोक बघतात. मुलीने असे उभे राहायचे?"

मी वाद घातला नाही. कोपऱ्यात पाण्याने भरलेला हंडा होता. म्हटले, "बाजी, एवढा हंडा जरा उचलून इकडे ठेवता का?" ती पुढे झाली. पाय रुंद ठेवले, गुडघ्यात वाकली, पाठ ताठ ठेवली आणि पायांच्या जोरावर एका दमात हंडा उचलला.

"मी तिला एवढेच शिकवते आहे," मी म्हटले.

ती हंडा धरून क्षणभर तशीच उभी राहिली, मग हसली. लेकही हसली.

तालुक्याला मुलगी पाचवी आली. पदक नाही, फोटो नाही. पण खांदा पुन्हा दुखला नाही, आणि यंदा तिच्याबरोबर आणखी सहा जणी त्या मोकळ्या जागेत येतात. पहिल्या दिवशी सगळ्या पाय जुळवून उभ्या होत्या. त्यांना मी काही सांगण्याआधीच ती पुढे झाली आणि चपलेच्या टोकाने जमिनीवर दोन रेघा ओढल्या, एकमेकींपासून चांगल्या लांब.