डभोईची बैलांची रेल्वे

बडोद्याहून रेल्वेने एकतानगरला जाताना वाटेत डभोई लागते. इथली रेल्वे खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळातली. १८६२ साली डभोई ते मियागाम असा अडीच फुटी रूळमार्ग सुरू झाला, तेव्हा डबे ओढायला चक्क बैल होते! रूळ इंजिनाचे वजन पेलण्याइतके भक्कम नव्हते. १८७३ मध्ये मजबूत रूळ आले आणि पुढे बैलांची सुटका झाली. पुढे डभोई नॅरोगेजचे मोठे जंक्शन बनले. आसपासच्या खेड्यांना ही छोटी गाडीच जवळची होती.

आता तिथे ब्रॉडगेज आहे, २०२१ पासून स्टेशनही नवे आहे. मुलांनो, छोट्या गाडीतून प्रवास केलेले आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना आजच विचारा. तो प्रवास आता फक्त त्यांच्याकडूनच कळेल.