केले, पण गुन्हा नव्हे

रहस्यकथेला मराठी समीक्षेने ओसरीवर बसवले. माजघरात मात्र कधी घेतले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या झुंजार व काळा पहाड या नायकांनी असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लावली. पुढे सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास हा फौजदारी वकील आला आणि मराठी रहस्यकथा कोर्टाच्या पायऱ्या चढली. तरीही वाङ्मयाच्या वर्गात या साऱ्या लेखनाच्या वाट्याला बहुधा 'लोकप्रिय वाङ्मय' या मथळ्याखालचा एखादा परिच्छेदच येतो. रहस्यकथेची वकिली करण्याचा आमचा इरादा नाही. तिने एक प्रश्न हाती घेतला आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न बाजूला ठेवला, तो मराठीत वेगळ्याच मंडळींनी उचलला, एवढेच येथे मांडायचे आहे.

आम्ही दर्यापूरचे. चंद्रभागेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. भोवती खारपाणपट्ट्याची काळी जमीन, कपाशी, तूर आणि हरभरा. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी आता बंद पडली आहे. पण ती धावत होती तेव्हा तिची चाल अशी होती की, मूर्तिजापुरास उघडलेले पुस्तक अचलपूर येण्यापूर्वीच संपून शेजाऱ्याच्या हाती गेलेले असे. आमचे रहस्यकथांचे वाचन बरेचसे या गाडीतले. त्या पुस्तकांची रीत ठरलेली होती. प्रेत सापडते, संशय भलत्यावर जातो, सारा पुरावा त्याच्याकडे बोट दाखवू लागतो, आणि अखेरच्या पानांत खरा गुन्हेगार सापडून भलता माणूस सुटतो. प्रश्न एकच: कोणी केले? त्याचे उत्तर मिळाले की न्याय झाला असे समजायचे आणि पुस्तक मिटायचे.

पुढे आम्ही मराठी शिकवू लागलो. एकदा वर्गात एका खटल्याच्या कादंबरीची चर्चा निघाली. तिच्यातल्या नायकाच्या हातून अंगावर चालून आलेला माणूस मरतो आणि शेवटी कोर्ट नायकाला सोडून देते. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्यानं मारलंच हाय न, मंग थो निर्दोष कसा?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. येथे 'कोणी केले' ही रहस्यकथेची चौकट निकामी होते, कारण कोणी केले हे पहिल्या पानापासून ठाऊक आहे. जे केले त्याला गुन्हा म्हणायचे काय, हे ठरायचे असते.

कायद्याने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या देहाच्या रक्षणासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही; जिवावरच बेतले असेल तर हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंत हा हक्क पोचतो. त्याला मर्यादाही आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी संरक्षण मागायला सवड असेल तर हा हक्क उरत नाही. अंगावर कुऱ्हाड आलेल्या माणसाने आपला घाव सोनाराच्या काट्यावर तोलून घालावा अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे.

परंतु आपले कृत्य या अपवादात बसते हे दाखवण्याचा भार कायद्याने आरोपीवर ठेवला आहे. खोटा आळ आलेला माणूस म्हणतो, 'मी केले नाही'. स्वसंरक्षण करणारा म्हणतो, 'मी केले, पण'. पहिल्या वाक्याला फारसे धैर्य लागत नाही. दुसऱ्यात माणूस निम्मा कबुलीजबाब आधीच देऊन बसलेला असतो. 'पण'च्या पुढचे कोणी ऐकून घेईल असा भरवसा असल्याशिवाय हे वाक्य तोंडातून निघत नाही. हा भरवसा कोणाला असतो आणि कोणाला नसतो, हा आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही १९६० ची कादंबरी परिचित असेल. तीत ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आरोप आहे. त्याचा डावा हात निकामी आहे, पुरावा त्याच्या बाजूचा आहे, तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. कादंबरीच्या शेवटी बू रॅडली हा गोरा शेजारी मुलांचा जीव वाचवताना हल्लेखोराला ठार करतो. आणि तो माणूस स्वतःच्याच सुरीवर पडून मेला असे शेरीफ जाहीर करून टाकतो. हा शेवट बहुधा करुणेचा म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. तथापि, ज्याने काहीच केले नाही त्याचे 'नाही' त्या गावाने ऐकले नाही, आणि ज्याने केले त्याच्यावर 'पण' म्हणण्याचीदेखील वेळ आली नाही, कारण ते त्याच्या वतीने शेरीफनेच म्हटले. टॉमसाठी असे म्हणणारा शेरीफ त्या गावात नव्हता.

आपल्याकडे या संदर्भात नानावटी खटला आठवतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे त्यांना माफीही मिळाली. मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' हे नाटक याच खटल्यावर बेतलेले. न्यायालयाने त्या बचावावर विश्वास ठेवला नाही. पण गणवेशातल्या त्या माणसाचे 'पण' सारा देश कान देऊन ऐकत होता. वृत्तपत्रांनी ते छापले, रंगभूमीने ते प्रेक्षकांपुढे मांडले. हे भाग्य फार थोड्या आरोपींच्या वाट्याला येते.

याच्या उलटची गोष्ट आमच्या घरात सांगितली जाई. आजोबांच्या काळातली. वेचणीचे दिवस होते आणि कोणाच्या तरी शेतातून रात्रीतून कापूस गेला. जागलीवरच्या माणसांनी पहाटे पारध्यांचा बेडा गाठला. एकाला ओढून बाहेर काढले आणि काठ्या सुरू झाल्या. खाली पडलेल्या त्या माणसाच्या हाताला विळा लागला. त्याने तो फिरवला आणि मारणाऱ्यांपैकी एकाचे मनगट कापले गेले. खटला झाला तो विळ्याचा, काठ्यांचा नाही. आजोबा सांगत की कोर्टात तो माणूस एवढेच म्हणत राहिला, "म्या काईच नाई केलं, मायबाप." कापूस नेला नाही, विळा फिरवला नाही, आपण तेथे नव्हतोच. ऐकणारे यावर हसत, कारण कापलेले मनगट तर सर्वांनी पाहिले होते. 'मारतच होते, म्हणून विळा उचलला' असे तो म्हणता तर कायदा त्याच्या बाजूला उभा राहण्याचा संभव होता. तो तसे म्हणाला नाही. निकाल काय लागला, हे घरात कोणी सांगत नसे. सांगणाऱ्यांच्या लेखी गोष्ट 'खोटारडा' या शब्दापाशी संपलेली असे.

आम्ही या गोष्टीकडे पुष्कळ दिवस वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले आहे. त्या माणसाचे खोटे बोलणे आम्हांला आता खोटेपणाचे वाटत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशातल्या कित्येक जमातींना गुन्हा घडण्यापूर्वीच आरोपी करून ठेवले होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण गावाच्या नजरेतून गेला नाही. पिढ्यान् पिढ्या न केलेल्या चोऱ्यांसाठी ज्यांना पकडून नेले, त्यांनी एक धडा गिरवला होता: अर्धे कबूल केले की सगळे कबूल केल्याचे धरले जाते, म्हणून काहीच कबूल करायचे नाही. खोट्या आरोपाने केवळ न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा होते असे नव्हे. खरा बचाव बोलून दाखवण्याची सवयही त्यातून मोडते.

रहस्यकथेने बाजूला ठेवलेला दुसरा प्रश्न तो हाच, आणि मराठीत तो भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी उचलला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. दोहोंना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'उचल्या'मध्ये पोलीस, संशय, झडती, कबुलीजबाब ही रहस्यकथेची सारी सामग्री आहे. फरक असा की येथे संशय फिरत फिरत एका माणसापाशी येत नाही. तो आधीच वस्तीवर मुक्कामाला असतो. आपण मात्र ही पुस्तके दोन कपाटांत ठेवली. एका कपाटावर 'रंजन' असे लिहिले, दुसऱ्यावर 'वेदना'. ती एकत्र वाचली तर एकातला सुटलेला प्रश्न दुसऱ्यात सापडतो.

ही जुनी कहाणी आहे असे कोणास वाटत असेल, तर आपल्याच राज्यातला एक खटला पाहावा. जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीत एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरवून सर्वांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चार माणसांना ओळखले होते. तो कागद तपासात दडून राहिला. सोळा वर्षे ते सहा जण 'आम्ही केले नाही' एवढेच म्हणत होते.

कायद्यातल्या त्या दुसऱ्या मर्यादेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. सरकारी संरक्षण मागायला सवड असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही. हा नियम रास्त आहे. तो नसता तर प्रत्येक सूड हा बचाव ठरला असता. पण १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केले, तेव्हा कस्तुरबा नगरातल्या बायका सांगत होत्या की, वर्षानुवर्षे तक्रारी करूनही त्यांना संरक्षण मिळाले नव्हते. कायद्याच्या भाषेत ते स्वसंरक्षण नव्हे, आणि तसे ते आम्हीही म्हणत नाही. २०१४ मध्ये आरोपी सुटले ते पुराव्याअभावी. त्या बायकांनी काय सोसले, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. सवड होती, पण ऐकणारे नव्हते, अशा माणसांनी काय करावे, याचे उत्तर कलमात सापडत नाही. चांगल्या कादंबरीने येथून सुरुवात करावी.

या साऱ्यात एक गोष्ट आशेची आहे. आरोपीने स्वसंरक्षणाचा बचाव तोंडाने मांडला नसला, तरी समोर आलेल्या पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मुन्शी राम यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. अर्थ असा की, 'म्या काईच नाई केलं' म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावरचे वळ वाचण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. माणूस जे बोलतो त्याच्यापलीकडे जाऊन, तो जे बोलू शकत नाही ते कागदांतून शोधायचे. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक निवेदकाचा शब्द अंतिम मानत नाहीत, गाळलेल्या जागा पाहतात. ते आपण वर्गात करतो, तेच हे काम आहे. तेथे चुकले तर एखादे गुणपत्रक बिघडते. कोर्टात चुकले तर सोळा वर्षे जातात.

जुलै २०२५ मध्ये दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. दारापूर हे त्यांचे मूळ गाव याच तालुक्यातले, त्यामुळे गावाला त्या दिवशी मोठा आनंद होता, आणि तो आम्हांलाही होता. त्या इमारतीत यापुढे पुष्कळ 'नाही' आणि काही 'पण' ऐकू येतील. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या वेळी कलमे समजावून सांगितली होती आणि ती बरोबरच होती. आज तोच प्रश्न कोणी विचारला तर कलमांच्या आधी त्याच्या हातात 'उचल्या' ठेवू, शेजारी शिरवळकरांची एखादी कादंबरीही ठेवू, आणि दोन्ही वाचून झाल्यावर, दोहोंत कोणाचे बोलणे अर्धवट राहिले ते शोधून आण, असे सांगू.