मोकळी जागा

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की आमच्याकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो, "हा डबा रिकामाच आहे ना?" प्रश्न सौभाग्यवतीचा असतो आणि मी नुसती मान हलवावी एवढीच तिची अपेक्षा असते. पण मी मान हलवीत नाही. मी उठतो, झाकण काढतो, आत हात घालतो, तळाशी बोटे फिरवतो, आणि एवढ्यावर न थांबता सुनेच्या खोलीपाशी जाऊन विचारतो, "यात तुझं काही आहे का गं?" चकलीच्या भाजणीला डबा मिळायला असा पाव तास लागतो. निवृत्त झाल्यापासून माझा स्वभाव किचकट झाला आहे, असे घरात म्हणतात. ते खरे नाही. तो एका रात्रीत तसा झाला, आणि ती रात्र कोणती हे मी तिथीसह सांगू शकेन.

पण त्याआधी माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. मी मेनफ्रेम नावाच्या थोरल्या संगणकाचा कारभार पाहत असे. तुमच्या टेबलावरचा संगणक म्हणजे एक बिऱ्हाड. मेनफ्रेम म्हणजे वाडा. मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब अजूनही अशा वाड्यांत नांदतात. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या काही मंडळींनी अशी युक्ती काढली की, एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे, पण प्रत्येकाला मात्र वाटावे की सबंध यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. १९७२ साली ही युक्ती व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. बिऱ्हाडकरू किती का असेनात, प्रत्येक जण स्वतःला वाड्याचा धनी समजतो. आणि सीपी नावाची आज्ञावली, जी या वाड्याची कारभारी, ती कोणाचाही भ्रम मोडत नाही. नाना फडणविसांची आठवण व्हावी असा हा कारभार!

बिऱ्हाडे वाढली की सामान वाढते, आणि सामान वाढले की कोठारात भर घालावी लागते. या वाड्याचे कोठार म्हणजे डिस्क, म्हणजे तबकडी. १९८९ साली ३३९० या जातीची तबकडी निघाली. तिच्या तिसऱ्या नमुन्यात ३,३३९ सिलिंडर असतात आणि एकेका सिलिंडरात सुमारे साडेआठ लाख इंग्रजी अक्षरे मावतात. आपली देवनागरी जास्त जागा घेते. तरीही माझ्या नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या काठी, १२९० साली जी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या नऊ हजार ओव्यांचा मी एकदा हिशेब मांडून पाहिला. त्या चार-पाच सिलिंडरांत आरामात बसतात. बाकीच्या तीन हजारांवर सिलिंडरांत माणसे काय साठवतात, हे विचारू नका. बहुतेक हिशेबच.

अशी एक नवी तबकडी चालत्या यंत्राला जोडणे हे माझ्या कामातले सर्वांत साधे आणि सर्वांत जोखमीचे काम. ते मी पुण्यात शिकलो असे माझ्या प्रमाणपत्रावर लिहिले आहे. खरे तर मी ते गावी, आजीजवळ शिकायला हवे होते.

आमचे घर माळवदाचे होते. मधल्या जाड भिंतीत बळद होते. म्हणजे भिंतीच्या पोटातली धान्य साठवायची पोकळी. वरून माळवदावरच्या तोंडातून धान्य ओतायचे आणि खालच्या भोकाला लावलेला चिंध्यांचा बोळा काढून ते लागेल तसे घ्यायचे. आजोबांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या वाटण्या झाल्या तेव्हा नेमकी हीच भिंत दोन्ही घरांच्या मध्ये आली. बळदाचे एक भोक आमच्या माजघरात, दुसरे त्यांच्या. वाटण्यांच्या वेळी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण तेव्हापासून आजी आणि तिची थोरली जाऊ यांचा एकमेकींशी अबोला होता.

दिवाळीच्या सुमारास बाजरी घरात आली की आजी बळद तयार करी. आतून झाडून काढायचे, शेणमातीने सारवायचे, चार दिवस वाळू द्यायचे, तळाशी कडुलिंबाचा पाला आणि राख घालायची. पहिली ओंजळ देवापुढे ठेवायची. पण हे सर्व सुरू करण्यापूर्वी ती एक गोष्ट करी. आमच्या बाजूच्या भोकातून कोपरापर्यंत हात घालून बघे. हाताला काही लागत नसे. तरीही ती डोक्यावरचा पदर सारखा करून अंगणातून वळसा घाली, जावेच्या दारात उभी राही आणि म्हणे,

"आक्का, बळदात तुमचं काही हाये का?"

आतून उत्तर येई, "नाही गं. वत."

कधी मात्र आक्का म्हणत, "थांब, बियाण्याचं गाठोडं हाये." मग गाठोडे निघेपर्यंत आमची बाजरी ओसरीवर पडून राही. वर्षभरात दोघींचे एवढेच बोलणे. १९७२ च्या दुष्काळात बळद दोन्ही बाजूंनी कोरडे होते, घरात रेशनच्या मिलोखेरीज काही नव्हते. तरीही आजीने वळसा घालून विचारल्याचे मला आठवते. मी तिला म्हणालो होतो, "अगं, हात घालून बघितलंस ना?" ती म्हणाली, "आपला हात आपल्याच बाजूला पोचतो, बाळा."

नवी तबकडी व्हीएमच्या पदरात घालण्याचा विधी पुष्कळसा असाच असतो. आधी ती स्वतःकडे जोडून घ्यायची. मग सारवण, म्हणजे तिच्यावर चार-चार हजार अक्षरांचे सारखे चौकोन आखत जायचे. पूर्वीचे जे काही असेल ते या सारवणाखाली कायमचे जाते. मग तिला नाव द्यायचे, फार तर सहा अक्षरांचे, वाड्यात दुसऱ्या कोणाचे नसलेले. एका नावाच्या दोन तबकड्या असल्या तर यंत्र सुरू होताना आधी भेटेल तिला कारभारी घरात घेतो आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवतो. आत आली ती खरी की तोतया, हे तो बघत नाही. आणि तोतयाने काय घोळ होतो हे पानिपतानंतरच्या पुण्याला चांगले ठाऊक आहे! शून्य क्रमांकाचा पहिला सिलिंडर कोणालाही द्यायचा नाही. तिथे तबकडीचे नाव आणि वाटपाचा नकाशा असतो. देवापुढची ओंजळ ठेवावी तशी ती जागा सोडायची आणि बिऱ्हाडकरूंच्या वाटण्या एकपासून पुढे पाडायच्या.

मग बांध बघायचे. एका तबकडीचे तुकडे अनेकांना दिलेले असतात. एखादा आकडा चुकला तर एकाची जमीन दुसऱ्याच्या जमिनीवर चढते. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ साली त्याचे अहिल्यानगर झाले, सवयीने मी नगरच म्हणतो) बांध कोरण्यावरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. पण तिथे निदान भांडायला बांध दिसतो तरी. इथे दोघेही निर्धास्त पेरणी करीत असतात, आणि एकाच्या नांगराखाली दुसऱ्याचे पीक जात असते. म्हणून डिस्कमॅप नावाचा जणू सातबारा काढायचा. कोठे पड जागा आहे आणि कोठे एकावर एक तुकडा चढला आहे, हे तो लख्ख दाखवतो.

शेवटी यंत्राच्या मुख्य वहीत नोंद. इथली चूक सर्वांत वाईट. कारण ती केल्याबरोबर काहीच बिघडत नाही. यंत्र चालू असते, लोक काम करीत असतात, आणि चूक निवांत झोपलेली असते. चार महिन्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायची वेळ आली की ती जागी होते. तोवर करणारा विसरून गेलेला असतो, नाही तर नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून जुन्या वहीची प्रत जपायची, यादीतला जुना क्रम हलवायचा नाही, आणि नोंद केल्याबरोबर तिचे व्याकरण तपासणारी आज्ञा चालवायची.

हे सर्व मला पाठ होते. त्या रात्री मी हे सर्व बिनचूक केले. चुकलो तो विधीला बसण्यापूर्वीच.

२००६ सालची वसुबारस होती. मी पुण्यातल्या एका कंपनीत रात्रपाळीला होतो. यंत्र होते समुद्रापलीकडे. जागा हवी होती. मी कारभाऱ्याला विचारले, "मोकळ्या तबकड्या कोणत्या?" त्याने एक दाखवली. मी ती जोडून घेतली. तिच्यावर एक जुने नाव होते, आमच्या वहीत नसलेले. बेवारशी दिसते, असे मी मनाशी म्हटले. सारवण करणारी आज्ञावली फार सभ्य असते, ती हात चालवण्यापूर्वी विचारते, "या तबकडीवरचे सर्व जाईल. पुढे जाऊ का?" मी "हो" टंकले आणि चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा फोन वाजत होता.

त्या एकाच यंत्राचे दोन भाग पाडलेले होते. एका भागात आमचा वाडा, दुसऱ्या भागात शेजारचा. तबकड्यांची पेटी दोघांची मिळून. आमच्या कारभाऱ्याने "मोकळी" म्हटले ते खोटे नव्हते. आमच्या घरात ती कोणी वापरत नव्हतेच. पलीकडच्या घरात तिच्यावर चाचणी करणाऱ्या गटाचे काम होते. मी आमच्या बाजूने हात घालून पाहिला होता, आणि माझा हात माझ्याच बाजूला पोचला होता.

प्रत होती, पण ती आठ दिवसांपूर्वीची. मधल्या आठ दिवसांचे काम पुन्हा करणे भाग होते. आणि ते काम जिचे, ती मुलगी आमच्याच इमारतीत दोन मजले खाली बसत असे. दोन जिने उतरून मी तिला विचारू शकलो असतो! तिने दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने सांगलीला जायचे ठरवले होते. धाकटा भाऊ वर्षाने घरी येणार होता. तिने तिकीट रद्द केले. पाडवा गेला, भाऊबीज गेली; ती खाली बसून होती आणि मी वर. मी माझी चूक लिहून दिली, वरिष्ठ रागावले, सगळे यथासांग झाले. पण त्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते हे की, भाऊबीजेच्या संध्याकाळी मी फराळाचा डबा घेऊन खाली गेलो, तेव्हा तिने तो घेतला आणि मान वर न करता म्हणाली,

"सर, पुढच्या वेळी मला विचाराल ना?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी किती तबकड्या जोडल्या याची गणती नाही. माझ्या कार्यपद्धतीच्या कागदावर पहिली ओळ आज्ञेची नव्हती. ती फोनची होती. नवे पोरगे हसत. "सर, सिस्टीम फ्री दाखवते आहे." मी म्हणे, "आपली सिस्टीम दाखवते आहे. पलीकडे विचार."

गेल्या उन्हाळ्यात गावाहून फोन आला. आक्कांचा नातू बोलत होता. आजी गेली, आक्का गेल्या, आमच्या बाजूचे घर कधीच पडले. तो त्यांच्या जागेवर नवे बांधकाम काढत होता आणि मधली भिंत उतरवायची होती. खरे म्हणजे ती भिंत आता सर्वस्वी त्याचीच. मला विचारण्याचे कारण नव्हते. त्याने तब्येतीची चौकशी केली, पावसाचे सांगितले, जरा घुटमळला आणि म्हणाला,

"काका, पाडायच्या आधी म्हटलं विचारावं. बळदात तुमचं काही हाये का?"

मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

"नाही रे," मी म्हणालो, "पाड."